मोबाईलवरचा बाजार : तीन धडे



बोईसर येथे डिजिटल विक्रीवरील परिषदेस आम्ही गेलो होतो. तेथे शिकलो ते थोडक्यात देत आहोत.

१) नाव : पालघर जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते चिन्ह मात्र अधिकृत नोंद असलेल्यानेच वापरावे.

२) वेळ : तोडलेला चिकू थोड्याच दिवसांत मऊ पडतो. म्हणून आधी मागणी, मग तोडणी. तोडलेला ऊस फडात पडला की उतारा घटतो, हे आपणांस सांगायला नको!

३) खरेपणा : फोटोत दाखवाल तोच माल पेटीत भरा. जाहिरात गिऱ्हाईक एकदाच आणते, पुन्हा आणतो तो माल.

गूळ-काकवी विकणाऱ्या सभासदांनी हे ध्यानी घ्यावे.