व्यायामानंतरची पाठदुखी

पावसाळा सरून पर्लकोटेचा पूर ओसरला, की भामरागडात पहाटेच्या अंधारात मुले धावू लागतात. ही पोलीस भरतीची तयारी होय. १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. पहिल्या आठवड्यातच काही जण दिसेनासे होतात. विचारावे, तर उत्तर ठरलेले : "पाठ धरली, सर."

ही पाठ धरते ती कशाने?

पाठीच्या वरच्या भागात बारा मणके असून त्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या जोडलेल्या असतात. खांद्याची दोन पाती मात्र पाठीच्या कण्याला हाडाने जोडलेली नाहीत. ती स्नायूंच्या आधारावर तोललेली असतात. गोळा हातातून सुटला की हाताबरोबर पातेही पुढे ओढले जाते आणि मागचे स्नायू त्याला आवरू पाहतात. म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच जोरही लावीत असतो. सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना अशा वेळी सूक्ष्म इजा होते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ याने १९०२ साली हेच कारण सुचविले होते. 'लॅक्टिक आम्ल साचल्याने अंग दुखते' असे आजही सांगितले जाते, पण ते आम्ल तासाभरात निघून जाते. ही दुखण तर बारा ते चोवीस तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आठवड्याच्या आत शमते.

तोच व्यायाम पुन्हा केला, तर दुखणे पहिल्यापेक्षा कमी होते, ही यातली गंमत. खांद्यावर कावड घेऊन कोसभर चालणाऱ्या माडिया गृहस्थाची पाठ त्या कामाने सहसा धरत नाही, कारण ती लहानपणापासून थोडी थोडी तयार झालेली असते. आपला विद्यार्थी एकाच सकाळी पन्नास वेळा गोळा फेकतो! दुखू लागल्यावर अंथरूण धरू नये. गरम पाण्याने शेकावे, हात हलके फिरवावेत, दोन दिवस गोळा बाजूला ठेवावा. उपाशीपोटी, पाणी न पिता वेदनाशामक गोळ्या गिळून मैदानावर जाणे मात्र जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहे.

इथपर्यंतचे विवेचन कोठल्याही गावाला लागू पडेल. आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. या आनुवंशिक आजारात प्राणवायू कमी पडला की तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांचा रक्तपुरवठा तुटतो. अतिश्रम, थंडी, ताप, शरीरातील पाणी कमी होणे ही त्याची निमित्ते. पहाटेचा गारठा, पोटात पाण्याचा थेंब नाही आणि छाती फुटेस्तोवर धावणे : सगळी निमित्ते एकत्र येतात. मग पाठ दुखते तीही, पण वेगळ्या रीतीने. दुखणे दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. ते खोल हाडात असते, पडून राहिले तरी थांबत नाही, हातपाय व छातीतही उठते. ताप येतो, डोळे पिवळे दिसतात. अशा मुलाला 'सवय होईल' म्हणून पुन्हा पळविणे जिवावर बेतू शकते. त्याला पाणी पाजून, अंगावर पांघरूण घालून तडक रुग्णालयात न्यावे.

छातीत आवळल्यासारखे होऊन घाम फुटला, पाय बधिर झाले, किंवा पाठदुखी आठवडेच्या आठवडे टिकून संध्याकाळी बारीक ताप व वजनात घट दिसली, तरी डॉक्टरांकडेच जावे. शेवटच्या प्रकारात मणक्याचा क्षय असू शकतो.

सिकलसेलची तपासणी बोटातील थेंबभर रक्ताने सुरू होते. १ जुलै २०२३ पासून केंद्र शासनाने तिची देशव्यापी मोहीम हाती घेतली आहे. ज्याच्यात दोष एकाच पालकाकडून आला आहे, तो केवळ वाहक; त्याला हिवतापाच्या घातक प्रकारापासून थोडे संरक्षणही मिळते. वाहकाने खुशाल धावावे. फक्त पहिल्याच दिवशी पूर्ण १६०० मीटर जीव तोडून धावू नये, आणि पाण्याची बाटली मैदानाच्या कडेला ठेवावी.