एलूल महिना : परत फिरण्याचा काळ

इब्री पंचांगात प्रायश्चित्ताच्या दिवसापूर्वी एलूल नावाचा २९ दिवसांचा महिना येतो. तो बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात पडतो. या महिन्यात पुष्कळ यहूदी सभास्थानांत, शब्बाथ खेरीजकरून, रोज सकाळी मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा वाजवितात. निजलेल्या मनाने जागे व्हावे हा त्याचा हेतू. परंपरा अशी की, सोन्याच्या वासराचे पाप घडल्यावर मोशे एलूलच्या पहिल्या दिवशी पुन्हा सीनाय पर्वतावर चढला व ४० दिवसांनी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, नव्या पाट्या घेऊन उतरला. म्हणून हा काळ केवळ शोकाचा नव्हे, तर मोडलेला करार जुळण्याचा होय.

आपण पश्चात्ताप म्हणतो, म्हणजे मागाहून होणारा ताप. यहूदी लोक त्यास ‘तशुवा’ म्हणतात. तिचा अर्थ परत फिरणे. ताप मनातच राहू शकतो. फिरण्यास पाऊल उचलावे लागते. आणि फिरावयाचे ते कोणाकडे? एलूल या नावाची चार इब्री अक्षरे गीतरत्नातील एका वचनाच्या चार शब्दांची आद्याक्षरे आहेत, असे रब्बी दाखवितात. त्या वचनात वधू आपण वल्लभाची व वल्लभ आपला असे सांगते. अर्थात, हे परतणे न्यायाधीशापुढे ओढून नेलेल्या अपराध्याचे नव्हे, तर प्रीती करणाऱ्याच्या घरी येणाऱ्याचे आहे.

शास्त्रात एलूल हे नाव नहेम्याच्या पुस्तकात एकदाच आढळते. यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत बांधून झाला, तो एलूलच्या २५ व्या दिवशी. परंतु त्याआधीचा पाचवा अध्याय अवश्य वाचावा. गरीब भाऊबंदांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकिली होती; मुलेबाळे दास्यात जात होती. सावकार त्यांचेच बंधू होते. नहेम्याने त्यांस भर सभेत दोष दिला आणि त्यांनी शेते परत देण्याचे वचन दिले. दगडाचे खिंडार बुजविणाऱ्यांस भावाभावांतील खिंडारही बुजवावे लागले.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक प्रायश्चित्ताच्या दिवसास ‘दरफाळणीचा सण’ म्हणत आले. त्या दिवशी ते दारे लावून उपवास करीत. दार लावणे चांगले. प्रभूनेही खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्यास शिकविले. मात्र शेजाऱ्यावर रागाने लाविलेले दार आधी उघडले पाहिजे. मनुष्याचा अपराध केला असता त्याची समजूत घालीपर्यंत प्रायश्चित्ताचा दिवसही तो दोष फेडीत नाही, असे मिश्ना या यहूदी ग्रंथात सांगितले आहे. वेदीजवळ अर्पण ठेवून प्रथम भावाशी समेट करावा, असे आपल्या प्रभूचे वचन आहे.

आम्हांस हा महिना पाळण्याचे बंधन नाही. ख्रिस्ताने एकदाच केलेले अर्पण पुरेसे आहे. पण जो एका बांधासाठी सख्ख्या भावाशी बोलत नाही आणि प्रभुभोजनास मात्र हात पुढे करितो, त्याने परत फिरणे अजून बाकी आहे. कृपा फुकट मिळाली, म्हणूनच गहाण सोडण्यास आपले हात मोकळे झाले आहेत.

घरच्या उपासनेत विचार करण्यासाठी प्रश्न :
१. नहेम्याने कोट पुरा होण्याआधी कोणता तंटा मिटविला?
२. ताप होणे व परत फिरणे यांत भेद काय?
३. येत्या प्रभुभोजनापूर्वी आपण कोणाच्या दारी जावे?