व्हॅन की मोटार? एका लहान व्यवसायाचा हिशेब

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हटला की घरच्या मंडळींना वाटते, याच्या हातात कागद-पेन्सिल दिली म्हणजे झाले. दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर असाच प्रसंग आला. माझ्या मामांचे बेळगावात सायकल दुरुस्तीचे व भाड्याने सायकली देण्याचे दुकान आहे. अलीकडे रविवारी जांबोटी, खानापूरकडच्या रस्त्यांवर डोंगरी सायकल चालविण्याची हौस वाढली आहे. शहरातील गर्दी टाळण्यासाठी मामा सायकली गावाबाहेर नेऊन पोचवितात व सायंकाळी परत आणतात. त्यासाठी प्रत्येक फेरीला २,००० रुपये भाड्याने टेंपो घ्यावा लागतो. एक जुनी मालवाहू व्हॅन ३ लाख रुपयांना मिळत होती. घरची जुनी मोटार विकून ती घ्यावी की मोटारच ठेवावी, हा प्रश्न. मामा म्हणाले, "कॉमर्स शिकतोस ना? मांड हिशेब."

पहिला हिशेब मी एका रात्रीत मांडला आणि तो साफ चुकला. मोटार घेताना मामांनी साडेचार लाख मोजले होते. ती रक्कम मी मोटारीच्या खर्चात धरली. आमच्या सरांनी कागद पाहताच त्या आकड्यावर काट मारली. जो पैसा खर्च होऊन गेला आणि कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, तो निर्णयाच्या हिशेबात धरू नये. मोटार आज विकली तर काय येईल, एवढेच पाहावे. तो आकडा होता १ लाख ४० हजार.

दुसरा धडा वर्गाबाहेर मिळाला. मामांच्या ओळखीच्या कन्नड मेस्त्रींना मी माझा सुधारलेला कागद दाखविला. त्यांनी तो वाचलाही नाही. टेप पुढे करून म्हणाले, "मोदलु अळते माडि नोडप्पा, आमेले लेक्क हाकु." आधी माप घेऊन बघ, मग हिशेब घाल. आपला 'लेखा' आणि त्यांचा 'लेक्क' हे शब्द किती जवळचे आहेत हे मला ठाऊक होते. पण लेख्याच्या आधी माप येते हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचले नव्हते.

आम्ही मापे घेतली. डोंगरी सायकल सुमारे सहा फूट लांब, हँडल तीस इंच रुंद, वजन चौदा किलो. पुढचे चाक काढले की लांबी पाच फुटांवर येते. व्हॅनच्या मागची जागा पावणेसहा फूट भरली. म्हणजे तिथेही पुढची चाके काढावीच लागणार. एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे, अशा रीतीने चार सायकली बसल्या, पाचवी बसेना. मोटारीच्या छपरावर कॅरिअर लावल्यास दोन सायकली उभ्या राहतात. आमच्या मोटारीच्या पुस्तिकेत छपरावरील भाराची मर्यादा ५० किलो दिली आहे. दोन सायकलींचे २८ किलो आणि कॅरिअरचे वजन मिळून भार मर्यादेत राहतो. तिसऱ्या सायकलीचा मोह धरू नये. मात्र उंची नऊ फुटांच्या आसपास जाते, म्हणून झाडाच्या फांद्या व फाटकांच्या कमानी यांचे भान ठेवावे लागते. मागच्या दारावर लावण्याचे कॅरिअरही मिळते. परंतु त्याने नंबरप्लेट व मागचे दिवे झाकले जाणार नाहीत हे पाहिले पाहिजे.

एक सूचना विद्यार्थीमित्रांच्या उपयोगी पडेल. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीचे चाक काढल्यावर ब्रेकची मूठ दाबू नये. तेलाच्या दाबाने आतील गुटके एकमेकांना चिकटतात व चाक परत बसत नाही. गुटक्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवावा. आमच्या एका सायकलीवर हा प्रयोग नकळत होऊन गेला!

मालवाहू व्हॅनची आणखी एक बाजू मापे घेतानाच ध्यानात आली. तिच्यात सायकली जातील. सायकलवाले कुठे बसणार? मालाच्या जागेत माणसे बसविता येत नाहीत. परवान्याची मात्र अडचण नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालविता येते.

आता हिशेब. व्हॅन चार वर्षांनी १ लाख ८० हजारांना विकली जाईल असे धरले, तर वर्षाची घट ३०,००० रुपये. गुंतलेल्या ३ लाखांवरचे बुडणारे व्याज, ७ टक्क्यांनी, २१,०००. विमा, कागदपत्रे व देखभाल २५,०००. एकूण ७६,००० रुपये. व्हॅन दारात नुसती उभी राहिली तरी हा खर्च होणारच. फेरीमागे टेंपोचे २,००० वाचतील, पण पेट्रोल व झीज यांचे ६०० जातील. म्हणजे बचत १,४००. ७६,००० ला १,४०० ने भागले की ५५ फेऱ्या येतात. हा समतोल बिंदू. मामांच्या वहीत गेल्या वर्षीच्या फेऱ्या होत्या ३४. आमच्याकडचा पाऊस चार महिने रविवार खाऊन टाकतो.

पण मोटार विकली तर? तिचा विमा व देखभाल १८,०००, तिच्या किमतीवरचे व्याज ९,८०० आणि वर्षाची घट १०,००० असे ३७,८०० रुपये वाचतात. मग व्हॅनचा निव्वळ बोजा ३८,२०० उरतो, २८ फेऱ्यांत तो भरून निघतो, आणि ३४ फेऱ्यांवर वर्षाला ९,४०० रुपये नफा दिसतो. मी विजयी मुद्रेने कागद मामांपुढे ठेवला.

मामांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "आजीला विचारलंस?"

आजीचे गुडघे गेले आहेत. महिन्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यावे लागते. मी टेप घेऊन पुन्हा व्हॅनपाशी गेलो. पायरी दीड फूट उंच होती. आजीला हात धरून उभे केले, तिने एक पाय उचलला, परत खाली ठेवला आणि म्हणाली, "बाळ, मी रिक्षानं जाईन हो. माझ्यासाठी धंदा अडवू नका." शिवाय चालकाशेजारी एकच जागा, आजी बसली तर मामींनी कुठे बसावे? रिक्षाचे जाण्यायेण्याचे ४०० रुपये धरले तर वर्षाच्या २४ खेपांचे ९,६०० होतात. माझा ९,४०० चा नफा पुसला गेला आणि वर २०० रुपये तोटा आला. आजीचा मान आणि तिचे दुखणे यांचा आकडा तर मी धरलेलाच नाही.

शेवटी वही पुन्हा चाळली. ३४ फेऱ्यांपैकी १४ फेऱ्यांत दोनच सायकली होत्या आणि त्यांसाठीही अख्खा टेंपो जात होता. मामांनी १२,००० रुपयांचे कॅरिअर मोटारीवर बसविले. त्या १४ फेऱ्यांत फेरीमागे १,४०० प्रमाणे १९,६०० रुपये वाचतील, म्हणजे कॅरिअरची किंमत पहिल्याच वर्षी वसूल; आणि दोघे सायकलवाले त्याच मोटारीतून जातील. मोठ्या गटासाठी टेंपो आहेच. फेऱ्या पुढे साठच्या घरात गेल्या तर व्हॅनचा विचार पुन्हा करावा, असे मी कागदाच्या तळाशी लिहून ठेवले आहे.

वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते की व्हॅन चांगली की मोटार चांगली, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. सायकली किती, फेऱ्या किती आणि ते वाहन घरात आणखी कोणाच्या उपयोगी पडते, हे तीन आकडे ज्याने त्याने आपले आपण काढावेत. तिसरा आकडा वहीत सापडत नाही. तो विचारावा लागतो.