ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे!

मागे पारोळ्याकडील एक शेतकरी पत्नीचा बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन माझ्या दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर आहे. आता मुंबईला नेऊन काय उपयोग?" रिपोर्टात स्तनाचा कर्करोग, 'ग्रेड ३' असे लिहिले होते. स्टेजचा उल्लेखच नव्हता. या गैरसमजात त्यांचे पंधरा दिवस वाया गेले होते.

वाचकहो, ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव आणि स्टेज म्हणजे रोगाचा पसारा. शेतातले तण किती जोमाने वाढणारे आहे, हा ग्रेड. ते किती शेतात पसरले, ही स्टेज.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ग्रेड ठरतो. स्तनाच्या कर्करोगात पेशींची नलिकांसारखी रचना, पेशीकेंद्रांचा बेढबपणा आणि पेशीविभाजनाचे प्रमाण या तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. बेरीज ३ ते ५ आल्यास ग्रेड १, ६ किंवा ७ आल्यास ग्रेड २ आणि ८ किंवा ९ आल्यास ग्रेड ३.

ग्रेडचा आयुष्याशी संबंध आहेच. अमेरिकेतील डॉ. ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगाचे चार ग्रेड पाडले आणि वरच्या ग्रेडचे रुग्ण कमी वाचतात, हे दाखवून दिले. परंतु रुग्ण किती जगेल, हे एकट्या ग्रेडवर ठरत नाही. गाठ केवढी आहे, काखेत वा मानेत रोग पोचला का, यालाही मोठे महत्त्व असते. आपल्या खानदेशात तंबाखू-गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात तर ग्रेडपेक्षा स्टेजच अधिक बोलते. शिवाय झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर केमोथेरपीचा परिणाम पुष्कळदा चांगला होतो.

त्या बाईंच्या पुढील तपासण्या झाल्या. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान निघाली, काखेत प्रसार नव्हता. म्हणजे स्टेज पहिली! उपचार लगेच सुरू झाले.

रिपोर्ट हाती आला की डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : ग्रेड कोणता? स्टेज कोणती? धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथे सल्ला घेता येतो. ग्रेड ३ वाचून हातपाय गाळू नका. वरचा ग्रेड म्हणजे आशा संपली असे नव्हे. उपचाराला एक दिवसही उशीर नको, एवढाच त्याचा अर्थ.