सणासुदीचे दिवस आणि मनाचे आरोग्य

सणासुदीचे दिवस म्हणजे आनंदाचे दिवस, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील कामगार कुटुंबांत नेमक्या याच दिवसांत चिडचिड, अबोला आणि रात्रीची जागरणे वाढतात, हेही आपण पाहतो. त्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडा अभ्यास करावा, असे आम्ही ठरविले.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर हा हंगाम लांबलचक आहे. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्याला लागून शेजारीपाजारी दिवाळी, 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 25 डिसेंबरला महाडच्या 1927 च्या मनुस्मृती दहनाचे स्मरण आणि 1 जानेवारीला भीमा कोरेगाव. गावचा प्रवास, वर्गणी, पाहुणे, भोजनदान, मुलांचे कपडे! यातील प्रत्येक खर्च सुटा पाहिला तर योग्यच वाटतो. सगळे मिळून मात्र पगाराला पेलत नाहीत.

एक प्रसंग

आमच्या परिचयातील एका कंत्राटी कामगाराचे काम दिवाळीच्या तोंडावर थांबले. घरी सांगण्याची लाज वाटली. रोज सकाळी डबा घेऊन तो निघे आणि बोईसर स्टेशनच्या बाकावर दिवस काढी. व्याजाने पैसे उचलून त्याने 'बोनस' म्हणून घरी दिले. दिवाळी झाली, तगादा सुरू झाला, दारू सुरू झाली. एका रात्री तो शेजारच्या काकांना म्हणाला, "आता जगण्यात राम नाही." काका उपदेश करीत बसले नाहीत. रात्रभर त्याच्याजवळ बसले आणि सकाळी त्याच्यासोबत त्याच्या घरी गेले. पत्नीने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "कपड्यांवाचून काय अडलं होतं? मला आधी सांगितलं असतंत तर!"

या एका वाक्यात आमच्या लेखाचे सार आहे. माणूस जेवढा खर्चाने खचतो, त्याहून अधिक तो लपविलेल्या हिशेबाने खचतो.

हिशेब घरात मांडावा

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले होते. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि एक भाग अडीअडचणीसाठी. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना ऋण नसण्याचे सुख त्यांनी वेगळे मोजले. कर्जाचा मनाशी असलेला संबंध यापेक्षा स्पष्ट काय सांगावा! आपल्याच जिल्ह्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे सणाआधी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जातात. चार दिवसांच्या सणासाठी सहा महिन्यांची मजुरी गहाण पडते.

बोनसचेही नीट समजून घ्यावे. वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या आणि वेतनमर्यादेत बसणाऱ्या कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस मिळावा, ही तरतूद 1965 च्या बोनस कायद्यात होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ते प्रमाण कायम राहिले. परंतु हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांपर्यंत तो देता येतो. म्हणजे दिवाळीपूर्वी हाती पडेलच असे नाही. सबब हाती न आलेला बोनस खर्चात धरू नये. सणाच्या महिनाभर आधी पती-पत्नीने कागद घेऊन बसावे. समजत्या मुलांनाही जवळ घ्यावे. "यंदा एवढेच जमेल," हे मुलांना आधी कळले तर ती समजून घेतात. ऐनवेळी नकार मिळाला तर रुसतात.

झोप आणि दारू

पाळीत काम करणाऱ्याची झोप आधीच मोडलेली असते. त्यात पाहुणे, फटाके, लाऊडस्पीकर. झोप अपुरी राहिली की राग लवकर येतो आणि लहान अडचण डोंगराएवढी वाटते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला असेल, तर घरातल्यांनी व शेजाऱ्यांनी आवाज आवरावा. हेही एक दानच आहे. झोपेसाठी दारू घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की दारूने डोळा लवकर लागतो, परंतु उत्तररात्री झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिक उदास होते. पंचशीलातील पाचवे शील मनाच्या आरोग्याचेही शील आहे.

मदत केव्हा घ्यावी

सणाची दगदग सण सरला की ओसरते. परंतु दोन आठवडे उलटूनही मन उदास राहिले, अन्न गोड लागेना, झोप येईना, कामात लक्ष लागेना, तर तो आजार असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. कोणी मरणाची भाषा केली तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, सरळ विचारावे आणि ऐकून घ्यावे. ठाण्याच्या मनोरुग्णालयामुळे "याला ठाण्याला पाठवा" अशी चेष्टा आपल्याकडे रूढ झाली. त्या चेष्टेच्या भीतीने किती माणसे गप्प राहिली असतील! शासनाची 'टेली मानस' ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

शेवटी एकच विनंती. यंदा आपल्या वस्तीत कोणाचे काम गेले आहे, कोणाच्या घरी माणूस गेले आहे, कोण गावापासून दूर एकट्याने खोलीवर राहते, याची आठवण ठेवावी. त्यांच्याकडे वर्गणीचे पुस्तक घेऊन जाण्याआधी एकदा रिकाम्या हाताने जावे, चहा घ्यावा आणि विचारावे, "कसं चाललंय?" उत्तर येईपर्यंत मात्र उठू नये.