अडकणाऱ्या किल्लीची दुरुस्ती : जुन्या ट्रॅक्टरच्या व जीपच्या कुलपाची निगा

सुरगाणा तालुका हा नाशिक जिल्ह्यातील अधिक पावसाचा व डोंगराळ मुलूख आहे. येथे आषाढ लागला म्हणजे भाताच्या आवणीची घाई सुरू होते. रोपे एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली, खाचरात पाणी साठले आणि माणसे जमली की चिखलणीला एक दिवसही थांबणे परवडत नाही. रोप जून झाले की फुटवे कमी येतात आणि त्याची भरपाई पुढे खताने होत नाही. नेमक्या अशा वेळी खाचराच्या बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची किल्ली फिरेनाशी झाली, तर अडचण किल्लीएवढीच लहान राहत नाही. मग कोणी पक्कड लावून किल्ली पिळतो व ती कुलपात मोडून बसतो. कोणी पेचकसाने स्टार्टरच्या दोन टोकांना जोड देऊन इंजिन चालू करतो व जीव धोक्यात घालतो. हे दोन्ही प्रकार टाळता येण्यासारखे आहेत. ह्या पाठात कुलूप का अडकते, ते कसे ओळखावे व घरच्या घरी काय करावे, ह्याची माहिती दिली आहे.

कुलपाची रचना

किल्लीने इंजिन सुरू करण्याची सोय फार जुनी नाही. विजेवर चालणाऱ्या स्टार्टरचा शोध अमेरिकेत चार्ल्स केटरिंग ह्यांनी १९११ मध्ये लावला. तथापि पुढे बरीच वर्षे किल्ली केवळ वीजप्रवाह चालू-बंद करण्यासाठी असे व स्टार्टरसाठी निराळे बटण किंवा पायाने दाबावयाची खुंटी असे. किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची पद्धत क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये प्रचारात आणली. आपल्याकडे १९४७ पासून जीपगाड्यांची जुळणी होऊ लागली आणि १९६० नंतरच्या दशकात देशी बनावटीचे ट्रॅक्टर खेडोपाडी पोहोचले. त्यांपैकी जुन्या गाड्यांत किल्ली व बटण निरनिराळे आढळते, तर नंतरच्या गाड्यांत दोन्ही कामे एकाच किल्लीकडे आहेत.

ह्या कुलपाचे दोन भाग असतात. पुढील भाग यांत्रिक असतो. त्यात एक बाहेरचे घर व आत फिरणारा गाभा असतो. गाभ्यात पितळेच्या लहान लहान पत्र्या ओळीने बसविलेल्या असून प्रत्येकीखाली बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना ह्या पत्र्यांची टोके घराच्या खाचेत शिरलेली असतात, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिचे दाते प्रत्येक पत्रीला नेमक्या उंचीवर आणतात, टोके खाचेतून निघतात आणि गाभा मोकळा होतो. मागील भाग विजेचा असतो. गाभा फिरला की तेथील तांब्याच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात व प्रवाह सुरू होतो. स्टार्टरच्या जागेवरून किल्ली आपोआप मागे यावी म्हणून तेथे एक जोरदार स्प्रिंग असते.

बिघाडाची कारणे

पहिले कारण किल्लीची झीज हे होय. वर्षानुवर्षे वापरून दाते झिजतात आणि पत्र्या पूर्ण उंचीवर येत नाहीत. दुसरे कारण धूळ व तेल ह्यांचा संयोग होय. चैत्र-वैशाखात रस्त्यांवर फुफाटा असतो. कुलूप जरा जड झाले की त्यात तेल किंवा इंजिनचे जळके वंगण सोडण्याची पुष्कळांना सवय असते. तेलाने दोन दिवस बरे वाटते, परंतु नंतर त्यावर धूळ बसून चिकट राप तयार होतो व पत्र्या जाग्यावरच बसतात. तिसरे कारण ओल होय. ट्रॅक्टर चार महिने उघड्यावर राहिला की जस्ताच्या मिश्रधातूच्या घराला पांढरी भुकटी चढते आणि स्प्रिंगांना गंज लागतो. चौथे कारण अडगळीचे आहे. किल्लीच्या कडीत घराच्या, पेटीच्या व पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकत असतो. गाडीच्या हादऱ्यांनी तो सारखा हेलकावतो व गाभ्याचे तोंड रुंदावते.

लक्षणावरून निदान

किल्ली पुरती आत जात नसेल, तर आत माती, काडी किंवा वाकलेली पत्री आहे असे समजावे. किल्ली आत जाते पण फिरत नाही, असे असल्यास प्रथम जपून ठेवलेली दुसरी किल्ली लावून पाहावी. तिने कुलूप सहज उघडले, तर दोष झिजलेल्या किल्लीचा आहे. अशा वेळी नवी किल्ली कमी झिजलेल्या किल्लीवरून अथवा किल्लीवरील क्रमांकावरून करून घ्यावी. झिजलेल्या किल्लीची नक्कल केल्यास झीजही नकलेत उतरते. जीप किंवा पिकअप गाडीत सुकाणूचे कुलूप असल्यास चाकाचा ताण त्याच्या खिळीवर येतो व किल्ली अडते. तेव्हा सुकाणू डावीउजवीकडे हलकेच हलवीत किल्ली फिरवावी.

किल्ली फिरते पण दिवा लागत नाही, तर कुलपाला दोष देऊ नये. बॅटरीची टोके, फ्यूज व तारा पाहाव्यात. किल्ली चालू स्थितीतच बाहेर निघत असेल, तर पत्र्या पुरत्या झिजल्या असून कुलूप बदलणे हाच उपाय आहे. सर्वांत नुकसानीचे लक्षण म्हणजे स्टार्टरच्या जागेवरून किल्ली मागे न येणे. इंजिन चालू झाले तरी स्टार्टर जोडलेलाच राहतो, कर्कश आवाज येतो व थोड्याच वेळात तो जळतो. असे झाल्यास गिअर न्यूट्रलमध्ये आहे ह्याची खात्री करावी, किल्ली हाताने मागे आणावी, इंजिन बंद करण्याची दांडी ओढावी आणि तरीही स्टार्टर फिरतच राहिला तर बॅटरीची सांगाड्याला जोडलेली तार काढावी. तार काढताना ठिणगी उडते व बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो. म्हणून तोंड दूर ठेवावे व जवळ विडी-काडी पेटवू नये.

साफसफाईचा क्रम

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हातब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांना दगडाची उटी द्यावी.

२. बॅटरीची जी तार सांगाड्याला जोडलेली असेल, ती प्रथम काढावी. बहुतेक गाड्यांत ही ऋण टोकाची तार असते, परंतु काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्याला जोडलेले आढळते. म्हणून रंगावर न जाता तार कोठे जाते ते पाहावे. काम संपल्यावर हीच तार सर्वांत शेवटी जोडावी.

३. किल्ली कोरड्या फडक्याने पुसावी. कुलपाच्या तोंडात सायकलच्या पंपाने हवा मारून धूळ काढावी.

४. चिकट राप असल्यास विजेच्या जोडण्या साफ करण्यासाठी बाजारात फवाऱ्याच्या डब्यात मिळणारा, लवकर उडून जाणारा द्रव तोंडात थोडा सोडावा. किल्ली दहा-पंधरा वेळा आतबाहेर करावी व दर वेळी तिच्यावरील मळ पुसावा. पेट्रोल वापरू नये, कारण त्याने आग लागण्याचा धोका असतो. रॉकेलही वापरू नये, कारण त्याचा तेलकट थर मागे राहतो.

५. कुलूप पूर्ण वाळल्यावर ग्रॅफाइटची कोरडी पूड किल्लीच्या दात्यांना चोळून किल्ली आत फिरवावी. पूड न मिळाल्यास मऊ शिसपेन्सिल दात्यांवर घासली तरी काम भागते. पूड चिमूटभरच वापरावी. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून ती मागील पट्ट्यांपर्यंत पोहोचता कामा नये.

एवढ्याने बहुतेक कुलपे मोकळी होतात. न झाल्यास पुढील गोल नट सोडवून कुलूप फळीतून बाहेर काढावे. तारा सोडण्यापूर्वी प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ती कोणत्या टोकाची आहे ते लिहून ठेवावे. सैल टोके घट्ट करावीत व हिरवट गंज बारीक पॉलिश कागदाने काढावा. आतील पत्र्या कानशीने घासून कुलूप मोकळे करण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास कोणतीही किल्ली, इतकेच काय खिळाही त्यात फिरू लागतो. कुलूप बदलावयाचे ठरल्यास जुने कुलूप बरोबर घेऊन जावे आणि टोकांची संख्या, वीज वाहून नेण्याची क्षमता व इंजिन तापविण्याची निराळी जागा असल्यास ती जुळवून पाहावी.

दुरुस्तीची परीक्षा

बॅटरी जोडल्यावर बारा व्होल्टच्या बल्बला दोन तारा लावून परीक्षा करावी. ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असल्यास बल्बची एक तार सांगाड्याला व दुसरी कुलपाच्या टोकांना क्रमाने लावावी. किल्ली बंद असता फक्त बॅटरीकडून येणारे टोक जिवंत असावे. किल्ली चालू करता दुसरे टोक जिवंत व्हावे. स्टार्टरचे टोक किल्ली पुढे दाबून धरली असतानाच जिवंत असावे व किल्ली सोडताच निर्जीव व्हावे. ही शेवटची खूण पटली नाही, तर ते कुलूप वापरू नये.

दोन जीवघेण्या सवयी

पेचकसाने स्टार्टरच्या टोकांना जोड देणारा मनुष्य बहुधा पुढील व मागील चाकांच्या मध्ये उभा असतो. ह्या जोडीमुळे कुलूप तर टळतेच, पण गिअर किंवा क्लच ह्यांवर बसविलेली सुरक्षेची कळही टळते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो तत्काळ पुढे सरकतो व मागचे चाक त्या माणसाच्या अंगावर येते. त्याला बाजूला होण्यास क्षणाचाही अवकाश मिळत नाही. चिखलणीचा दिवस वाया गेला तरी चालेल, परंतु अशा रीतीने इंजिन सुरू करू नये व कोणास करू देऊ नये.

दुसरी सवय घाटातील आहे. बोरगाव-हतगडच्या बाजूने माल नेणाऱ्या काही गाड्या डिझेल वाचविण्यासाठी किंवा किल्ली पुन्हा अडेल ह्या भीतीने उतारावर विचित्र रीतीने चालविल्या जातात. उतारावर इंजिन बंद केले की ब्रेकला मिळणारे साहाय्य संपते आणि किल्ली पुरती मागे फिरून निघाली तर सुकाणूच कुलूपबंद होते. वळणावर ह्याचा अर्थ काय, ते सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन किल्लीने बंद होत नाही, तर इंधन तोडणारी दांडी ओढून बंद होते. दांडी ओढल्यावर किल्ली चालूच राहिली, तर बॅटरी उतरते. म्हणून आधी दांडी, नंतर किल्ली, आणि किल्ली काढून खिशात, असा क्रम अंगवळणी पाडावा. खाचराच्या बांधावर मुले खेळत असतात. किल्ली लावून सोडलेला ट्रॅक्टर त्यांच्या हाती देऊ नये.

वर्षभराची निगा

मृगापूर्वी एकदा व भाताच्या मळणीपूर्वी एकदा कुलूप साफ करून ग्रॅफाइट लावावे. किल्ली एकटी वापरावी, जुडग्यात अडकवू नये. दुसरी किल्ली घरी जपून ठेवावी व तिचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये व पुन्हा फिरविण्यापूर्वी निदान अर्धा मिनिट थांबावे. पावसात राबणारा शेतकरी स्वतःच्या पाठीवर इरले घेतो, त्याप्रमाणे उघड्यावरील ट्रॅक्टरच्या फळीवरही ताडपत्रीचा तुकडा बांधावा. कुलूप जड वाटू लागल्याच्या पहिल्याच दिवशी अर्धा तास दिला, तर आवणीच्या दिवशी गड्यांना बांधावर बसवून ठेवण्याची पाळी येणार नाही.