खारांत तगणारी बुरशी

महसुली कारकुनींत असतां कित्येक खारवट नंबरांपुढें आम्हीं ‘पड’ हा शेरा लिहिला. जेथें पीक जळतें तेथें कांहींच जगत नाहीं, असा आमचा समज होता. तो खरा नव्हे. युरोपांतील स्लोव्हेनिया देशाच्या सेचोव्ल्ये येथील मिठागरांत ‘होर्टिया वेर्नेकी’ नांवाची काळी बुरशी नांदते, असें २००० सालीं प्रसिद्ध झालें. मीठ पेशींतील पाणी ओढूं लागलें म्हणजे ती आंत ग्लिसरीन तयार करून सांठविते. त्यायोगें पाणी टिकतें व पेशी सुकत नाहीं. औषधांत व मलमांत पडतें तेंच हें ग्लिसरीन. आपल्या बहुतेक पिकांस इतकी सोय नाहीं. मात्र बुरशी टाकून शेताचा खार जाईल, असें कोणीं समजूं नये. खारट जमिनीस निचऱ्याचे चर काढून गोड्या पाण्यानें क्षार धुवून काढणें, हाच उपाय होय.